प्रश्न तुमचे, उत्तर आमचं : बोंब मारतो एक सीपीयू, अडकलेला असतो दुसराच

या वेळी जी पत्रं आली त्यातली निम्मी तरी फिरून फिरून एकाच जागी येतात, मोठ्या सर्व्हरवर कर्नलचा (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा) वॉचडॉग, एखादा सीपीयू अडकला का ते बघणारा पहारेकरी, ओरडतो आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. म्हणून हा अंक पूर्ण त्याच विषयाला दिला. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : दादा नमस्कार. नागपूरच्या परसोडीला एका कंपनीत सिस्टीम ॲडमिन आहे. नवीन मशीन आलं, दोन सॉकेटचं (म्हणजे दोन प्रोसेसर चिपचं), लिनक्सला ५१२ सीपीयू दिसतात. जुनं ३२ सीपीयूवालं तीन वर्षं बिनबोभाट चाललं आणि याच्यावर दर दोन-तीन दिवसांनी लॉगमध्ये 'बग: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ३७ स्टक फॉर २२ सेकंद' असं येऊन राहिलं, कधी ३७ तर कधी ४०१, नंबर पण एक नाही. हार्डवेअरवाले म्हणतात सॉफ्टवेअर पाहा, सॉफ्टवेअरवाले म्हणतात हार्डवेअर पाहा, मी मधात लटकून आहे. सीपीयू खराब आहे का?

उत्तर : भाऊ, सीपीयू बदलायला पाठवू नका, नंबर दर वेळी वेगळा येतो यातच अर्धं उत्तर आहे. खराब सीपीयू असता तर तोच तो नंबर परत परत आला असता.

आधी हे २२ सेकंद कुठून येतात ते बघू, कारण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात. प्रत्येक सीपीयूवर एक टायमर दर ४ सेकंदांनी वाजतो. तो वाजला की त्याच सीपीयूवरच्या सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीच्या थ्रेडला सांगतो की बाबा एकदा चालून जा आणि वेळेची नोंद करून ठेव. तो थ्रेड चालला म्हणजे शेड्युलर, कोणाला कधी चालवायचं ते ठरवणारा, जिवंत आहे. पण कर्नलमधलं एखादं काम त्या सीपीयूवर बसलं आणि उठायलाच तयार नाही, तर टायमर वाजत राहतो आणि नोंद जुनीच राहते, आणि ती २० सेकंदांपेक्षा जुनी झाली की ओरड होते. तपासणी दर ४ सेकंदांनीच, म्हणून आकडा नेमका २० कधी दिसत नाही, २२ नाहीतर २३ दिसतो. याला सॉफ्ट लॉकअप म्हणतात. हार्ड लॉकअप त्याच्या पुढचा, तिथे इंटरप्टच (सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे) बंद असतात, म्हणजे टायमरही वाजत नाही, मग एनएमआय नावाचा जो इंटरप्ट अडवता येत नाही तो येऊन बघतो की टायमर पुढे सरकला का, आणि साधारण १० सेकंद सरकला नसेल तर तो ओरडतो. हे १० म्हणजेच वॉचडॉग-थ्रेश ही सेटिंग, सॉफ्टवाल्याची मर्यादा तिच्या दुप्पट. दोन्ही डिटेक्टर २०१० मध्ये एका फाइलीत आणले गेले, तोवर ते वेगवेगळे होते.

आता तुमच्या ५१२ कडे येऊ. इतक्या सीपीयूंच्या मशीनवर ओरडणारा सीपीयू बहुतेक वेळा बिचारा वाट बघणारा असतो. लॉगमध्ये त्या ओळीच्या खाली जो बॅकट्रेस (सीपीयू कोणत्या फंक्शनमधून कुठे पोचला त्याची यादी) येतो त्याची सगळ्यात वरची दोन-तीन नावं वाचा. तिथे 'क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ' दिसलं तर हा लॉकसाठी, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणाऱ्या किल्लीसाठी, रांगेत उभा आहे, लॉक दुसऱ्या कोणाकडे आहे. 'एसएमपी कॉल फंक्शन' दिसलं तर याने बाकीच्या सीपीयूंना निरोप पाठवलाय, उदाहरणार्थ टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची छोटी वही) साफ करा म्हणून, आणि सगळ्यांचा होकार आल्याशिवाय याला हलता येत नाही. ५१० जणांनी हो म्हटलं आणि एकाने इंटरप्ट बंद करून ठेवलेत, की हा अडकला. निरोप पाठवणारे वेगवेगळे असतात म्हणून ओरडणारा नंबर रोज बदलतो, आणि ज्याने इंटरप्ट बंद केलेत त्याचं नाव ओरडीच्या त्या ओळीत नसतं.

त्या एकाला पकडायचं तर ओरड होते त्या क्षणी सगळ्या सीपीयूंचा बॅकट्रेस पाहिजे. 'सॉफ्टलॉकअप ऑल सीपीयू बॅकट्रेस' अशी सेटिंग आहे, ती १ करा. पण थांबा, ती करायच्या आधी तुमचा कन्सोल, म्हणजे कर्नल जिथे मेसेज छापतो ती जागा, कुठे जातो ते बघा, कारण इथेच लोक फसतात आणि मी स्वतः यात फसलेलो आहे.

सीरियल कन्सोल (एका तारेतून एकेक बिट पाठवणारा) ११५२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटवर, असेल तर एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं, त्याहून एक जास्त नाही. ५१२ सीपीयू, प्रत्येकाच्या ३० ओळी, ओळीत ७० अक्षरं धरली तर पावणेअकरा लाख अक्षरं होतात आणि ती छापायला ९३ सेकंद. २० सेकंदांची मर्यादा पाळणाऱ्या मशीनला आपण ९३ सेकंदांचं काम देतो. ३२ सीपीयूवर हेच काम ६ सेकंदांत संपायचं, म्हणून तीन वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. बरीच वर्षं झाली, वर्धा रोडच्या बाजूला एका कंपनीत होतो, आमचं स्वतःचं एक नेटवर्कचं मॉड्यूल (कर्नलला वरून जोडायचा तुकडा) होतं, त्यात डीबगसाठी एक फंक्शन होतं जे प्रत्येक सीपीयूच्या रांगेची हालत कन्सोलवर छापायचं, प्रत्येकाच्या ४० ओळी. टेस्टिंगच्या मशीनला १६ सीपीयू. चार सेकंद लागायचे, कोणाला काही वाटायचं नाही. मग ग्राहकाकडे २५६ वालं मशीन आलं, तिथे रात्री काहीतरी अडलं म्हणून तेच फंक्शन चालवलं. समोर टर्मिनलवर ओळी एकेक करून वर सरकत होत्या, सीपीयू ० ची रांग, सीपीयू १ ची रांग, मी आकडे बघत बसलो होतो, पन्नाशीच्या आसपास आला आणि पडदा जिथल्या तिथे थांबला, आणि मग पॅनिक, म्हणजे कर्नलने स्वतःच हात टेकले. चालतं मशीन होतं ते, त्याच्यावर लोकांचं काम सुरू होतं.

सकाळी लॉग बघितला तर हार्ड लॉकअप सीपीयू १९० वर. छापणारा होता सीपीयू ४. आम्ही दिवसभर १९० च्या मागे लागलो, त्याच्यावर कोणता इंटरप्ट बांधलाय, मेमरी कोणत्या नोडची, सगळं काढलं, आणि संध्याकाळी कळलं की सीपीयू ४ ने इंटरप्ट बंद करून एक लॉक धरला होता आणि तो धरून २५६ जणांचं छापत बसला होता, हिशोबाने ६२ सेकंद लागले असते. बाकीच्या सीपीयूंवर पॅकेट आलं की त्यांनाही तोच लॉक पाहिजे, आणि तोही इंटरप्ट बंद करूनच मागायचा, म्हणजे वाट बघणारे सगळे इंटरप्ट बंद करून उभे. आणि सीपीयू ४ का नाही ओरडला? कारण लिनक्सचा सीरियल ड्रायव्हर ओळ छापताना स्वतःच वॉचडॉगला हात लावून जातो, 'मी जिवंत आहे, हळू आहे एवढंच' असं सांगून. तो हात फक्त त्याच सीपीयूच्या वॉचडॉगला लागतो, म्हणून ज्याने चूक केली तो सुरक्षित राहिला आणि जे त्याच्यासाठी थांबले ते गेले.

कर्नलच्या मूळ कोडमध्ये याचा विचार झालेला आहे. सिसआरक्यू टी (कर्नलला थेट हुकूम द्यायची कळ) दाबलं की सगळ्या टास्कची यादी छापली जाते, आणि मोठ्या मशीनवर काहीही चालू नसलं तरी प्रत्येक सीपीयूमागे मायग्रेशन, केसॉफ्टआयआरक्यूडी, सीपीयूएचपी, केवर्कर असे थ्रेड असतातच, त्यामुळे यादी हजारोंची होते. त्या लूपमध्ये दर टास्कला 'टच एनएमआय वॉचडॉग' आहे आणि त्याच्या जोडीला 'टच ऑल सॉफ्टलॉकअप वॉचडॉग्ज' पण आहे, आणि वर कॉमेंटमध्ये कारण लिहिलंय की दुसरा एखादा सीपीयू आपल्या उत्तरासाठी अडून बसलेला असू शकतो. ही कॉमेंट मी त्या रात्रीनंतर वाचली, आधी वाचली असती तर बरं झालं असतं.

तर तुम्ही आता असं करा. कन्सोलची लॉगलेव्हल खाली आणा म्हणजे फक्त गंभीर ओळी सीरियलवर जातील, बाकी सगळं मेमरीतल्या बफरमध्ये राहू द्या, तो बफर बूट पॅरामीटरने १६ एमबी करा म्हणजे ५१२ जणांचा ट्रेस त्यात आरामात मावेल, केडंप (मशीन पडलं की मेमरीची प्रत ठेवणारं) लावून ठेवा, आणि मग सगळ्यांच्या बॅकट्रेसची सेटिंग चालू करा. पुढची ओरड झाली की त्या ५१२ मध्ये असा एक शोधा जो वाट बघत नाहीये, काहीतरी करतोय. तोच तुमचा माणूस. बहुतेक एखादा बाहेरचा ड्रायव्हर निघेल, मला स्टोरेजचा वाटतो, कारण जुन्या मशीनवर आणि नव्या मशीनवर फरक सहसा तिथेच असतो, पण ट्रेस बघितल्याशिवाय कोणाला दोष देऊ नका.

प्रश्न : सर, मी हिंगणा रोडच्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये एमटेकला आहे. प्रोजेक्टमध्ये कर्नल मॉड्यूल लिहिलंय, मोठा हॅश टेबल आहे, ४ कोटी एन्ट्री. मॉड्यूल काढताना सगळ्या एन्ट्री एका लूपमध्ये फ्री करतो. माझ्या लॅपटॉपवर एकदम मस्त चालतं, कॉलेजच्या सर्व्हरवर सॉफ्ट लॉकअप येतो. कोड तोच, मग असं काऊन?

उत्तर : प्रश्न छान विचारलास, आणि 'माझ्याकडे तर चालतं' म्हणून सोडून दिलं नाहीस याचा खरंच आनंद झाला.

कोड तोच आहे पण कर्नल तोच नाही. तुझ्या लॅपटॉपचा कर्नल बहुतेक पूर्ण प्रीएम्प्टिव्ह आहे, म्हणजे तुझा लूप चालू असतानाही शेड्युलर त्याला मध्येच बाजूला सारून दुसऱ्याला चालवू शकतो. सर्व्हरवर बरेचदा 'नन' किंवा 'व्हॉलंटरी' असतो, तिथे कर्नलमधलं काम स्वतःहून जागा देत नाही तोपर्यंत त्याला कोणी उठवत नाही. आता हिशोब कर, एक एन्ट्री फ्री करायला ६०० नॅनोसेकंद धरले, मोठ्या मशीनवर मेमरी दुसऱ्या सॉकेटवर असली की एवढे सहज लागतात, तर ४ कोटी गुणिले ६०० नॅनो म्हणजे २४ सेकंद. मर्यादा २० ची. लॅपटॉपवरही लूप बराच वेळ चालत असेल, तिथे फक्त तो मध्ये मध्ये उठत होता.

इलाज सोपा आहे, पण तो नेमका कुठे लावायचा ते बघ. लूपमध्ये 'कॉन्ड रीशेड' टाक. हे फंक्शन एवढंच विचारतं की कोणाला चालायचंय का, असेल तर जागा देतं, नसेल तर लगेच परत येतं. दर एन्ट्रीला टाकलं तरी फार महाग नाही, पण ४ कोटी वेळा विचारण्यापेक्षा दर हजार-दोन हजार एन्ट्रींनंतर विचार. कर्नलमध्ये हे जागोजागी आहे, १ जीबीचं मोठं पान शून्य करायचं असलं की ते ४ केबीच्या २,६२,१४४ पानांचं काम होतं, आणि तो लूपही मध्ये मध्ये 'कॉन्ड रीशेड' विचारत जातो.

पण स्पिनलॉक (ज्याची वाट बघणारा झोपत नाही, जागीच फिरत राहतो असा लॉक) हातात धरून 'कॉन्ड रीशेड' बोलवू नकोस. लॉक धरून तू झोपलास आणि तोच लॉक मागणारा दुसरा आला की खेळ खल्लास. डीबगचा जो पर्याय आहे, ॲटॉमिक स्लीपवाला, तो टेस्टिंगच्या कर्नलमध्ये चालू ठेव म्हणजे अशी चूक झाली की तो लगेच सांगतो. लॉक लागतच असेल तर लॉक सोड, जागा दे, परत घे. आणि परत घेतल्यावर टेबल तसाच असेल असं धरू नकोस, मधल्या वेळात कोणी एन्ट्री काढली असेल, तू ज्या पॉइंटरवर उभा होतास तोच आता फ्री झालेला असेल. म्हणून बकेटच्या (टेबलच्या एकेका कप्प्याच्या) हिशोबाने चाल, एक बकेट पूर्ण संपव, लॉक सोड, बकेटचा नंबर लक्षात ठेव, पुढच्या बकेटला नव्याने लॉक घे. मी विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये इथेच सगळ्यात जास्त चुका बघतो, 'कॉन्ड रीशेड' टाकून लॉकअप जातो आणि त्या जागी यूज आफ्टर फ्री (फ्री केलेलीच मेमरी परत वापरणं) येतो, आणि तो लॉकअपपेक्षा वाईट, कारण तो ओरडत नाही.

तुझ्या केसमध्ये तर मॉड्यूल काढतोयस, दुसरं कोणी टेबल वापरतच नसेल, मग लॉक लागणारच नाही. ते आधी बघ.

एक अजून. कोणी सांगेल की 'टच सॉफ्टलॉकअप वॉचडॉग' टाक, ओळ पण तेवढीच, ओरड पण बंद. ओरड बंद होईल खरी, पण ते २४ सेकंद त्या सीपीयूवर दुसरं कोणी चालणार नाही ते नाहीच, आणि शिवाय आरसीयूची (कर्नलमधली लॉक न घेता वाचायची सोय) वेगळी ओरड आहे, ती साधारण २१ सेकंदांवर येते, ती या हाताने शांत होत नाही. टच करणं फक्त तिथे योग्य जिथे जागा देणं शक्यच नाही आणि काम किती वेळात संपेल ते तुला माहीत आहे, जसं वरच्या पत्रातलं छापणं.

नवीन कर्नलमध्ये हे बदलतंय, ६.१३ मध्ये लेझी प्रीएम्प्शन आलं, त्यात शेड्युलर आधी नम्रपणे सांगतो आणि पुढच्या टिकपर्यंत (टायमरच्या ठोक्यापर्यंत) ऐकलं नाही तर उठवतो. पुढे जाऊन 'कॉन्ड रीशेड' कोडमधून काढून टाकता यावेत असा त्यामागे विचार आहे. कॉलेजचा सर्व्हर तिथवर यायला वेळ आहे, तोवर तू हाताने टाक.

प्रश्न : दादा, मनीषनगरहून लिहितेय. आमचं छोटं अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं काम आहे, भाड्याच्या तीन व्हर्च्युअल मशीनवर चालतं. रात्री बॅकअपच्या वेळी सॉफ्ट लॉकअप ४१ सेकंद, ६० सेकंद असे मेसेज येतात. वॉचडॉग बंदच करून टाकू का? सकाळी सगळं ठीक असतं.

उत्तर : ताई, बंद करू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये अडचण वेगळी असते. तुमच्या मशीनला वाटतं आपला सीपीयू आहे, पण खरा सीपीयू खालच्या होस्टचा, आणि होस्टवर गर्दी झाली की तुमच्या व्हर्च्युअल सीपीयूला कोणी वेळच देत नाही. त्याला वाटतं मी तर एक क्षण डोळे मिटले, उघडून बघतो तर ४१ सेकंद गेलेले. आत काहीच अडकलेलं नसतं.

बॅकअपच्या वेळी टॉप कमांड लावा आणि सीपीयूच्या ओळीत 'एसटी' चा आकडा बघा, तो म्हणजे स्टील टाइम, तुमचा चोरीला गेलेला वेळ. दिवसभर शून्याच्या आसपास आणि रात्री २०-३० टक्के दिसला तर तुमच्या हातात करण्यासारखं आत काही नाही, सेवा देणाऱ्याला तो आकडा आणि वेळ लिहून पाठवा. तोवर वॉचडॉग-थ्रेश ३० करा, म्हणजे सॉफ्टची मर्यादा ६० सेकंद होईल. ती सेटिंग ६० च्या वर जातच नाही, आणि ० केली तर सगळंच बंद. स्नॅपशॉटच्या वेळी ओरड होत असेल तर त्यालाही हेच कारण, त्या वेळात अख्खं मशीनच थांबवलेलं असतं. केव्हीएमवर (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, तसं कळवता येतं, पण ती सगळीकडे चालू असतेच असं नाही.

सकाळी सगळं ठीक असतं म्हणून बंद करावंसं वाटतं हे कळतं मला. पण ज्या दिवशी आतलं काहीतरी खरंच अडकेल त्या दिवशी तुमचे ग्राहक फोन करून सांगतील, त्याच्या आधी तुम्हाला कळायची ती एकच जागा आहे.

प्रश्न : आमच्या सर्व्हर रूमचा एसी मे महिन्यात दम तोडतो. लॉकअप पण तेव्हाच जास्त. नागपूरच्या उन्हाचा संबंध आहे का? (सदरहून एक वाचक)

उत्तर : आहे, पण सरळ नाही. बाहेर ४५ आणि आत एसी बंद, की सीपीयू स्वतःला वाचवायला क्लॉक खाली आणतो. जो लूप १३ सेकंदांत संपायचा तो अर्ध्या क्लॉकवर २६ घेतो आणि मर्यादा ओलांडतो. म्हणजे १३ सेकंद जागा न देणारा लूप तुमच्याकडे डिसेंबरातही आहेच, हिवाळ्यात तो दिसत नाही एवढंच. एसी दुरुस्त करा आणि तो लूपही शोधा. रासडेमन (हार्डवेअरच्या एररची नोंद ठेवणारं) लावून मेमरीच्या दुरुस्त झालेल्या एररही बघत जा, गरमीत त्या वाढत असतील तर ते खरंच हार्डवेअरचं प्रकरण आहे.

प्रश्न : स्पिनलॉकची रांग म्हणता, पण स्पिनलॉक म्हणजे तर सगळे एकाच जागी फिरत राहतात ना? रांग कुठून आली? आणि सीपीयू जास्त झाले की लॉक का बिघडतो? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. रांग नंतर आली, आणि ती यायला दोन टप्पे लागले.

सकाळी आठला तर्री पोह्याच्या ठेल्यावर जा. टोकन नाही, रांग नाही, सगळे हात पुढे करून उभे. पोहेवाल्याच्या अगदी हाताशी जो उभा आहे त्याला प्लेट मिळते, तो खातो, तिथेच उभा असतो, परत हात पुढे करतो, परत त्यालाच मिळते. मागचा अर्धा तास उभा. जुना स्पिनलॉक असाच होता. लॉकची कॅशलाइन (सीपीयूजवळच्या झटपट मेमरीतला तुकडा) ज्या सॉकेटवर आहे त्याच सॉकेटच्या सीपीयूला ती आधी मिळते, दुसऱ्या सॉकेटवरचे उपाशी. दोनच सॉकेटच्या, ८ कोअरच्या ऑप्टेरॉन मशीनवर कर्नलचे डेव्हलपर निक पिगिन यांनी मोजलं तेव्हा काही थ्रेडना डावलून बाकीच्यांना लॉक दहा-दहा लाख वेळा मिळालेला दिसला. फक्त ८ कोअरवर हे, ५१२ वर काय झालं असतं बघ. अशा वाटेत उभ्या राहिलेल्या सीपीयूचे २० सेकंद कसे निघून जातात ते वेगळं सांगायला नको.

मग २००८ मध्ये २.६.२५ कर्नलला टिकट स्पिनलॉक आले. आला की नंबर घे, तुझा नंबर पुकारला की तुझी पाळी. उपासमार संपली. पण सगळे एकाच पाटीकडे बघत उभे, आणि पाटीवरचा नंबर बदलला की प्रत्येकाच्या कॅशमधली ती लाइन रद्द होते आणि सगळे एकदम ती परत आणायला धावतात. दहा जण असले तर चालतं, पाचशे असले तर नंबर बदलण्यातच वेळ जातो, काम राहतं बाजूला. २०१५ मध्ये ४.२ ला क्यूड स्पिनलॉक आले, त्यात प्रत्येक जण पाटीकडे न बघता आपापल्या जागी डोळे लावून असतो आणि पुढचा माणूस निघताना मागच्याच्या खांद्याला हात लावून सांगतो की आता तू. गडबड फक्त दोघांत होते, बाकीच्या पाचशेंना त्रास नाही.

पण लक्षात घे, रांग कितीही शिस्तीची असली तरी पुढचा माणूस काउंटरवर ५० मिलिसेकंद घेत असेल आणि मागे ५११ असतील तर शेवटच्याला २५ सेकंद लागणारच. तिथे लॉक बदलून काही होत नाही, काउंटरच वाढवावे लागतात, म्हणजे एका मोठ्या लॉकऐवजी प्रत्येक सीपीयूचा आपला लॉक, आपला काउंटर, आणि बेरीज लागेल तेव्हाच करायची. आमच्या त्या मॉड्यूलमध्ये शेवटी हेच केलं. प्रत्येक सीपीयूच्या रांगेला स्वतःचा लॉक दिला, तो धरून ४० ओळींचा मजकूर फक्त मेमरीत कॉपी केला, लॉक सोडला, आणि छापणं कन्सोलवरून काढून डीबगएफएसच्या (कर्नलची डीबगची माहिती फाइलीसारखी दाखवणाऱ्या सोयीच्या) फाइलीत नेलं. ज्याला वाचायचंय तो कॅट करून वाचेल, त्याच्या वेगाने. २५६ सीपीयूंचं सगळं मिळून लॉक धरून ठेवायचा वेळ डोळ्याला दिसणारही नाही इतका खाली आला.

प्रश्न : एनएमआय वॉचडॉग बंद केला तर पर्फमध्ये (लिनक्सचं वेग मोजायचं साधन) एक काउंटर जास्त मिळतो असं ऐकलं. करू का? (परसोडीहूनच, पण दुसरे वाचक)

उत्तर : खरं आहे, तो प्रत्येक सीपीयूवर एक हार्डवेअर काउंटर अडवून ठेवतो. मोजमाप करायच्या तासाभरापुरता बंद करा आणि झालं की चालू करा. कायमचा काउंटर पाहिजे असेल तर ६.५ पासूनच्या कर्नलमध्ये बडी डिटेक्टरचा पर्याय आहे, त्यात एनएमआय लागत नाही, प्रत्येक सीपीयू आपल्या शेजारच्याचा टायमर सरकला का ते बघतो. सगळेच सीपीयू एकदम अडकले तर मात्र बघायला कोणी उरत नाही, म्हणून त्याच्यासोबत बीएमसीचा (मदरबोर्डवरच्या वेगळ्या देखरेख चिपचा) हार्डवेअर वॉचडॉगही चालू ठेवा, तो मशीनच्या बाहेरून बघतो. आणि काही सीपीयू तुम्ही खास कामासाठी वेगळे काढले असतील, नोहर्ट्झ फुलवाले (ज्यांच्यावर नेहमीचा टिक बंद ठेवतात), तर त्यांच्यावर वॉचडॉग मुळातच चालत नाही. वॉचडॉग सीपीयूमास्क एकदा वाचून बघा, तिथे नसलेल्या नंबरचा लॉकअप तुम्हाला कोणीच सांगणार नाहीये.

पहिल्या पत्रातल्या भाऊंनी ट्रेस मिळाला की नक्की पाठवा, ५१२ पैकी जो वाट बघत नव्हता त्याच्या वरच्या दहा ओळी पुरे.